बेचाळीस धावा उरल्या होत्या

दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी
ग्रे स्ट्रीटच्या मागे, मसाल्याच्या दुकानावरच्या खोलीत
सूब्रमनी सर प्रश्न विचारतात
आणि मी फळ्यावर गुण मांडते.
खालून मिरचीचा ठसका वर येतो.
उत्तर न येणारे खोकून वेळ काढतात.

सर गणिताचे. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली,
चष्म्यावरून बघणं काही निवृत्त झालं नाही.
"एकोणीसशे एकोणचाळीस. आपलंच डर्बन.
वेळेचं बंधन नसलेली कसोटी. इंग्लंडला हव्या होत्या किती?"
"सहाशे शहाण्णव!" कासिम पारुक, हात वर न करता.
"थांबले तेव्हा?"
"सहाशे चोपन्न, पाच बाद. बेचाळीस उरल्या."
"का थांबले?"
"पाऊस आला, आणि बोट सुटत होती!" अख्खी खोली.
"कुठून?"
"डर्बनहून!"
ह्या एका क्षणासाठी सर महिनाभर जगतात.
"केपटाऊनहून. इथून सुटत होती ती आगगाडी."
वजा एक. सगळ्यांना.
सिबुसिसो म्हणतो, दहा दिवस खेळायचं
आणि तरी घाईत निघायचं, हे गोऱ्यांनाच जमावं.
हशा. कोणीतरी म्हणतं, आमचे आजोबा होते बघायला,
वेगळ्या कुंपणाच्या आत.
हशा जरा बसतो.

किस्टेनसामी अंकल दाराशी बसतात, टोपी मांडीवर.
अकरा वर्षं येतायत. एकाही प्रश्नाला तोंड उघडलेलं नाही.
त्या शुक्रवारी ते उभे राहिले.
"मी एक विचारू?
अठ्ठावन्न साल. केटो मॅनरचा उतार,
चटईची खेळपट्टी. माझ्या भावानं नऊ घेतले.
दहावा कोणी घेतला?"

पारुकने डोळे मिटले.
त्याच्या डोक्यात शंभर वर्षांचे धावफलक आहेत,
हा नव्हता.
रघुबर जाडं पुस्तक चाळू लागला.
त्यात अठ्ठावन्न साल होतं, उतार नव्हता.
"ते सामने धरत नाहीत," सर म्हणाले,
आणि स्वतःचंच वाक्य ऐकून
बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"मग उत्तर काय, अंकल?"
"ठाऊक असतं तर
अकरा वर्षं जिने चढलो असतो?
मी बारा वर्षांचा. आकड्यांचे पत्रे टांगायचं काम माझं.
नववा गेला आणि खोक्यात नऊच सापडेना.
शेवटी सहाचा पत्रा उलटा लावला.
वळून बघतो तर
सगळे एकमेकांच्या गळ्यात.
तेव्हा विचारलं नाही. घाई काय होती?
धावांची वही ट्रंकेत होती.
घरं पाडायला आले त्या दिवशी ट्रंक लॉरीत चढली,
उतरली नाही.
भाऊ तर कधीचाच गेला."

खडू माझ्या हातात तसाच.
कोणाच्या नावापुढे काय लिहू?
"जागा सोड," सर म्हणाले.

तेव्हापासून निरोप येतायत.
सिबुसिसोची आत्या, नव्वदीची,
सीमारेषेवर भाजलेली कणसं विकायची.
ती सांगते, धावबाद. बॅट फेकली मेल्यानं, माझी शेगडी कलंडली.
पारुकच्या वडिलांचे दोस्त शपथेवर म्हणतात, झेल,
तोही आंब्याला आपटून आलेला, तिथे तो चालायचा.
टोरांटोहून कोणी फोन केला:
दहावा पडलाच नाही. जिंकलो आम्ही.
तुमचे लोक उगाच नाचत होते.

अंकल सगळं सिगारेटच्या पाकिटामागे उतरवून घेतात.
वाद घालत नाहीत.
"पुढच्या वेळी परत विचारा," एवढंच.

फळ्याच्या कोपऱ्यात मी एक उलटा सहा काढून ठेवलाय.
झाडूवालीसुद्धा पुसत नाही.
खाली दुकानदार किल्ल्या वाजवतो,
एकदा, मग जरा जोरात.
आम्ही बसलेलोच.
कोणालाही कुठली गाडी पकडायची नाहीये.